तीस रुपयांचा कॉटर

आमच्या सोसायटीत दर दोन-तीन वर्षांनी पार्किंग साफ करायची लाट येते. मग जिन्याखाली नोटीस लागते, 'बेवारस सायकली आठ दिवसांत हलवाव्यात, अन्यथा भंगारात देण्यात येतील'. आता सायकल बेवारस असेल तर ती हलवायला वारस कुठून येणार, हा प्रश्न नोटीस लिहिणाऱ्याला पडत नाही. असो.

तर गेल्या खेपेला अशा नऊ सायकली निघाल्या. आठ लहान मुलांच्या, म्हणजे ज्या मुलांची आता लग्नं झाली त्यांच्या. नववी मात्र मोठी, काळी, सळईच्या ब्रेकची. मागे भक्कम कॅरिअर, पुढे दांडी, आणि हँडलखालच्या बिल्ल्यावर पृथ्वी डोक्यावर घेतलेला माणूस. ॲटलस! तळमजल्यावर एक आजोबा राहायचे त्यांची. १९७४ साली नोकरी लागल्यावर घेतलेली, असं ते सांगायचे. आजोबा जाऊन सहा वर्षं झाली. मुलगा परदेशात. त्याला फोन केला तर म्हणाला, "काका, तुम्हाला हवी तर घ्या, नाहीतर देऊन टाका."

भंगारवाल्याने काटा आणला होताच. सायकल भरली एकवीस किलो. तीस रुपये किलोचा भाव. मी सोसायटीच्या खात्यात ६३० रुपये भरले आणि सायकल दुसऱ्या मजल्यावर आमच्या गॅलरीत नेऊन ठेवली. बायकोने ती बघितली, मला बघितलं, आणि एवढंच विचारलं, "आणि वाळत घालायचे कपडे?"

मी सायकल घेतली त्याला कारण होतं. आमच्या इमारतीला रात्रीचे वॉचमन आहेत. राहायला शिवण्याला. सकाळी सातला ड्यूटी संपली की बससाठी थांबायचं, बस आली तर घरी, मग तिसरीतल्या मुलीला चालत शाळेत सोडायचं, मग झोपायचं. एकदा बोलता बोलता म्हणाले होते, "सायकल असती तर अर्धा तास आधी पडलो असतो." पडलो म्हणजे आडवा झालो असतो. ते वाक्य माझ्या डोक्यात राहिलं होतं. मी त्यांना सांगितलं, दादा, ही सायकल नीट करून तुम्हाला देतो. ते हसले. माझ्या हातात स्क्रू ड्रायव्हर त्यांनी कधी पाहिला नव्हता.

मी स्वतःला एक अट घातली. सगळं मिळून ३००० रुपये. सायकलचे ६३० धरून. त्याच्या वर एक पैसा नाही. अट घालायचं कारण असं, की हल्ली जुन्या सायकली 'रिस्टोअर' करणाऱ्यांचे व्हिडिओ बघितले तर लक्षात येतं की ते लोक सँड ब्लास्टिंग करतात, पावडर कोटिंग करतात, क्रोम नव्याने चढवून घेतात, आणि शेवटी ती सायकल भिंतीवर टांगतात. नाहीतर एखाद्या हॉटेलच्या दाराशी, कॅरिअरवर फुलांची कुंडी ठेवून. मला ते करायचं नव्हतं. मला चालवायला सायकल हवी होती, आणि पैसे मर्यादित असले की माणूस विचार करतो, असा माझा समज होता. हा समज अर्धाच खरा निघाला. तेच सांगायला हे लिहितोय.

*

आधी एक चांगली गोष्ट सांगतो. ही सायकल दुरुस्त होऊ शकते याचं मोठं कारण म्हणजे तिची रचना जवळजवळ बदललेलीच नाही. इंग्रजांच्या काळात रॅले वगैरे कंपन्यांच्या ज्या सायकली इकडे यायच्या, तोच साचा आपल्याकडच्या कारखान्यांनी उचलला. मद्रासला टी.आय. सायकल्स १९४९ मध्ये, सोनीपतला ॲटलस १९५१ मध्ये, लुधियानाला हीरो १९५६ मध्ये. बिल्ले वेगळे, पण आतला माल एकमेकांना बसणारा. २८ इंची चाकं, पुढे ३२ तारा, मागे ४०, अर्ध्या इंचाच्या कड्यांची चेन. ॲटलसचा साहिबाबादचा कारखाना ३ जून २०२० रोजी बंद पडला. तो दिवस नेमका जागतिक सायकल दिनाचा होता. पण कारखाना बंद पडला म्हणून माझं काही अडलं नाही. लुधियानाच्या कुठल्याही वर्कशॉपात आज बनलेला छर्रा किंवा चेन पन्नास वर्षं जुन्या ॲटलसला बिनतक्रार बसते. आपल्या घरातल्या दुसऱ्या कुठल्या वस्तूबद्दल असं म्हणता येईल? माझ्या मोबाईलचा चार्जर दोन वर्षांपूर्वीच्या मोबाईलला बसत नाही.

कामाला रविवार लागले सहा. पहिल्या रविवारी नुसतं खोललं. खोलताना मोबाईलवर फोटो काढत गेलो आणि नटबोल्ट चहाच्या रिकाम्या डब्यांत वेगवेगळे ठेवले. ही एकच शहाणपणाची गोष्ट मी सुरुवातीला केली. डाव्या बाजूचं पायडल निघेना म्हणून तासभर झटलो. शेजारचे काका मुलाला इंजिनिअरिंगचं शिकवतात, ते गॅलरीतून म्हणाले, "अहो, डाव्या पायडलचे आटे उलटे असतात." उलटं फिरवल्यावर दोन मिनिटांत निघालं. आटे उलटे नसते तर चालवता चालवता ते पायडल आपोआप सैल झालं असतं, म्हणून ही सोय.

जुन्या लोखंडाची एक गंमत आहे. बाहेरून जे भयंकर दिसतं ते बहुतेक वेळा मळ असतो. हँडलवर तांबेरा चढलेला, मला वाटलं हे गेलंच. स्वयंपाकघरातली ॲल्युमिनियमची चकाकी, म्हणजे पोळ्या गुंडाळतो तो कागद, चुरगळून पाण्यात बुडवून घासला. खालून क्रोम निघालं. सगळं नाही, मधे मधे काळे ठिपके राहिले, पण हँडल वाचलं. चाकांच्या आतलं जुनं ग्रीस मेणासारखं घट्ट झालं होतं. रॉकेल आता सहजी मिळत नाही, म्हणून बाटलीभर डिझेल आणलं आणि त्यात सगळं भिजत घातलं. गॅलरीला पंधरा दिवस पेट्रोल पंपाचा वास. कपडे वाळत घालण्याचा प्रश्न अशा रीतीने सुटला, कारण तिथे कुणी कपडे घालेचना.

उलट जे बाहेरून ठीक दिसत होतं तेच आतून गेलेलं. चेन तेल लावल्यावर काळीभोर आणि मऊ झाली. मी खूश. कोपऱ्यावरच्या सायकलवाल्या मामांकडे नेली. आमच्या भागात असे मामा आता एकच उरलेत, झाडाखाली पत्र्याची टपरी आणि पाण्याची घमेली. त्यांनी चेनला पट्टी लावली. बारा इंचांत चोवीस कड्या बसायला हव्यात. इथे चोवीस कड्यांनी बारा इंच ओलांडून आणखी दोन सूत खाल्लं होतं. एक सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग. "साहेब, एक सुतापर्यंत चालवतो आम्ही. दोन सूत म्हणजे चेन लांबली. आता ही फ्रीव्हीलचे दात पण खाणार," मामा म्हणाले. "तेल लावून लांबलेली चेन आखूड होत नाही."

मळ आणि झीज या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे मी पंचेचाळीस वर्षांच्या आयुष्यात पहिल्यांदा नीट शिकलो. मळ डोळ्याला दिसतो, झीज मोजावी लागते.

*

आता हिशेब सांगतो, कारण हिशेबाशिवाय अशा लेखाला अर्थ नाही.

सायकल ६३०. टायर दोन, ५६०. ट्यूब दोन, २६०. चेन १६०. फ्रीव्हील १५०. ब्रेकचे चार रबर ६०. सगळीकडचे छर्रे ८०. ग्रीस, डिझेल, पॉलिश पेपर मिळून १५०. तुटलेल्या तारा बदलून दोन्ही चाकांचा आउट काढायचे मामांचे २००. मागचा मडगार्ड कुजला होता, तो १३०. सीट जुन्या बाजारात रविवारी मिळाली, घासाघीस करून १५०.

इथपर्यंत झाले २५३०. उरले ४७०.

चाकाचा आउट काढणं ज्यांनी पाहिलं नसेल त्यांनी एकदा जरूर पाहावं. मामा चाक चिमट्यात अडकवून फिरवतात, रिमच्या जवळ खडू धरतात. जिथे रिम बाहेर आलेली असते तिथे खडू लागतो. मग त्या बाजूची तार थोडी सैल, समोरची थोडी घट्ट. पुन्हा फिरवायचं. दोन्ही चाकांच्या बहात्तर तारा, आणि मामा बोटाने तार छेडून आवाजावरून सांगतात कुठली ढिली आहे. सळईच्या ब्रेकला हे फार महत्त्वाचं, कारण त्याचे रबर रिमला बाजूने धरत नाहीत, आतून, खालून वर दाबतात. चाक वेडंवाकडं असेल तर ब्रेक एका ठिकाणी चिकटतो आणि दुसऱ्या ठिकाणी लागतच नाही. या सगळ्याचे दोनशे रुपये. मी तीनशे देऊ केले तर म्हणाले, "वहीत तीन हजार लिहिलेत ना तुम्ही? मग राहू द्या."

त्याच वेळी मामांनी आणखी एक सांगितलं. पायडल ज्या दांड्याला असतं तो क्रँक, आणि तो क्रँक मधल्या एक्सलवर ज्या खिळीने पक्का होतो तो कॉटर. बोटाएवढी लोखंडी खिळी, एका बाजूला तिरकी तासलेली. दोन्ही बाजूंना एक एक. मामांनी क्रँकखाली लोखंडी पाइपचा आधार देऊन, हातोडीच्या एका घावात दोन्ही काढले होते. काढल्यावर डावा कॉटर माझ्या हातात ठेवला. तिरक्या बाजूवर एक खाच पडली होती. "हे दोन्ही नवीन टाका. पंधराला एक."

मी काय केलं? मी घरी येऊन ४७० रुपयांकडे बघितलं. सायकल आता उभी राहिली होती, चालत होती, पण दिसत होती म्हातारी. काळा रंग जागोजागी उडालेला. जुन्या ॲटलसवर हाताने मारलेल्या बारीक सोनेरी रेघा असतात त्या पुसल्या गेलेल्या. घंटी तर नव्हतीच. मनात आलं, आपण कुणाला तरी देणार आहोत, तर जरा बरी दिसायला नको का? ओळखीच्या पेंटरला बोलावलं. त्याने उडालेल्या रंगावर काळा हात मारला आणि ब्रशने सोनेरी रेघा ओढल्या. ३५० रुपये. चकचकीत घंटी १२०. झाले बरोबर ३०००.

कॉटरचे तीस रुपये वहीत बसेनात. मी जुने कॉटर कानशीने घासले, खाच आली ती बाजू जराशी फिरवली, घरीच हातोडीने ठोकून बसवले, आणि नट आवळले. घट्ट वाटले. मामांना काही सांगितलं नाही. वहीत खाली रेघ मारून लिहिलं, एकूण ३००० फक्त. त्या 'फक्त'चा मला फार अभिमान वाटला होता.

*

शनिवारी सकाळी चाचणीला निघालो. रविवारी सायकल द्यायची होती. कोथरूड डेपोपर्यंत लोण्यासारखी गेली. पायडल मारताना डाव्या बाजूने 'टक्' असा आवाज येत होता, दर फेऱ्याला एक. मला वाटलं, नवीन ग्रीस आहे, बसेल हळूहळू. चांदणी चौकाच्या अलीकडे चढ सुरू होतो. तिथे मी सीटवरून उठून उभं राहून पायडल मारलं. लहानपणी मारायचो तसं.

डावा पाय खाली गेला तो गेलाच. कॉटर सरकला होता आणि क्रँक एक्सलवर नुसता फिरला. मी डाव्या बाजूला, फुटपाथकडे पडलो. उजवीकडे पडलो असतो तर मागून डंपर येत होता. डंपर अंगावरून गेला वगैरे काही नाही, तो आपला हॉर्न देत बाजूने निघून गेला. मी मनगटावर पडलो. हाड मोडलं नाही, पण एक्स-रे, पट्टा आणि गोळ्या मिळून १४०० रुपये झाले आणि तीन आठवडे डावा हात गळ्यात.

मला मनगटाचं फारसं काही वाटलं नाही. फुटपाथवर बसलो होतो, सायकलचं पुढचं चाक अजून फिरत होतं, आउट काढलेलं, अगदी सरळ. आणि माझं लक्ष कॅरिअरकडे गेलं. उद्यापासून तिथे आठ वर्षांची मुलगी बसणार होती.

मग सायकल ढकलत मामांकडे आलो. ते काही बोलले नाहीत. कॉटर काढला, बघितला, आणि मला परत दिला. मी म्हटलं, मामा, चुकलं. ते म्हणाले, "साहेब, पैसे वाचवावेत. आम्ही पण वाचवतो. टायर फाटला तर आतून जुन्या टायरचा तुकडा लावून सहा महिने चालवतो. कुठं वाचवायचं ते ठरलेलं असतं ओ."

एक्सल खराब झाला होता तो १२०, डावा क्रँक १५०, दोन कॉटर ३०, मजुरी १००. एकूण ३४००. वहीतली 'फक्त'ची रेघ खोडली.

*

आता माझं म्हणणं.

आपल्याकडे काटकसर हा मोठा गुण मानतात आणि पुण्यात तर तो कुळाचार आहे. मीही त्यातलाच. पण काटकसर आणि कंजूषपणा यांत फरक काय, असं विचारलं तर आपण म्हणतो, कमी खर्च केला तर काटकसर आणि फारच कमी केला तर कंजूषपणा. म्हणजे फरक फक्त रकमेचा. मला आता हे पटत नाही. मी तीन हजार रुपयांत दोन्ही केलं. जुन्या बाजारातून सीट घेतली ती काटकसर. हँडल बदलण्याऐवजी घासलं ती काटकसर. कॉटर न बदलणं हा कंजूषपणा. आणि त्याच दमात साडेतीनशेच्या रेघा ओढणं ही उधळपट्टी. एकाच वहीत, एकाच माणसाने, एकाच आठवड्यात! रकमेचा काही संबंध नाही. संबंध आहे तो कशावर काय अवलंबून आहे याचा.

सायकलवर जीव कशावर अवलंबून असतो? ब्रेक, टायर, चाकांच्या तारा, हँडलचा नट आणि कॉटर. एवढंच. यातलं काहीच लांबून दिसत नाही. कॉटर तर क्रँकच्या आत दडलेला. आणि लांबून दिसतं ते रंग, घंटी, रेघा, सीटचं कव्हर. पैसे मर्यादित असले की माणूस विचार करतो हे खरं, पण तो विचार बहुतेक वेळा 'लोकांना काय दिसेल' याचा असतो. मी तर दुसऱ्याला द्यायची म्हणून रंग दिला, म्हणजे वर औदार्याचा मुलामा. खरं तर मला ती देताना माझं काम दिसायला हवं होतं. कॉटर बदलला असता तर कुणाला कळलं असतं?

आणि हे सायकलपुरतं नाही हो. गेल्या वर्षी आमच्या सोसायटीच्या सभेत इमारतीला बाहेरून रंग द्यायचा ठराव दहा मिनिटांत पास झाला. त्याच सभेत जिन्यातल्या मीटरच्या खोलीतलं जुनं वायरिंग बदलायचा विषय 'पुढील सभेत' गेला. मीही रंगाच्या बाजूने हात वर केला होता. लग्नात मांडवाला जेवढा खर्च करतो त्याचा दहावा हिस्सा घराच्या ग्रिलच्या वेल्डिंगला करताना आपल्या जिवावर येतं. दात दुखेपर्यंत दातांच्या डॉक्टरकडे जात नाही, पण चष्म्याची फ्रेम बदलतो. प्रत्येकाने आपापली वही काढून बघावी. कुठे ना कुठे एक कॉटर राहिलेला असतो.

यावर काही जण म्हणतील, मग एवढी उठाठेव कशाला, साधी काळी सायकल नवीन घेतली तर सहा-सात हजारांत येते की. खरं आहे. माझे सहा रविवार आणि मनगट धरलं तर मी तोट्यात आहे. जुनी वस्तू दुरुस्त करणं नेहमी स्वस्त पडतं असं सांगणाऱ्याने ती स्वतः केलेली नसते. पण नवी सायकल घेतली असती तर एकवीस किलो चांगलं लोखंड वितळायला गेलं असतं, ज्यातलं झिजलेलं मोजून दोन किलोही नव्हतं. आणि मला मामांकडून काहीच शिकायला मिळालं नसतं, हा माझा स्वार्थ. मामांचं वय सत्तरच्या पुढे आहे. मुलगा रिक्षा चालवतो. ती टपरी आणखी किती वर्षं असेल कोण जाणे. सुटे भाग लुधियानाहून येत राहतील, पण तार छेडून ढिली कुठली ते सांगणारा माणूस पार्सलने येत नाही. म्हणून माझं मत असं की ज्यांच्या पार्किंगमध्ये अशी सायकल पडली असेल त्यांनी ती भंगारात देण्याआधी एकदा जवळच्या मामांना दाखवावी. खर्चाची अटही जरूर घालावी. फक्त अट घालताना आधी जिवाचे भाग लिहून काढावेत, त्यांचे पैसे बाजूला ठेवावेत, आणि मग उरलेल्यात जी काय काटकसर करायची ती करावी. मी उलट्या टोकाने गेलो.

*

सायकल एक महिना उशिरा दिली. देण्याआधी नव्या कॉटरवर मी स्वतः आठ दिवस चालवली, एका हाताला पट्टा असताना बायकोच्या शिव्या खात, तीही सोसायटीच्या आवारातच. नवा कॉटर बसला की दोन-तीन दिवसांनी पुन्हा एकदा ठोकून नट आवळावा लागतो, तो थोडा आत बसतो म्हणून. ते मामांकडून करून घेतलं. मग चढावर जायचं काम मामांच्या रिक्षावाल्या मुलाने केलं. तो नव्वद किलोचा आहे. उभा राहून पायडल मारत गेला आणि शीळ घालत परत आला.

वॉचमनदादांना सगळं खरं सांगितलं. पडलो का, कशामुळे पडलो, ते सुद्धा. त्यांनी सायकल उचलून चाक फिरवून बघितलं, दोन्ही ब्रेक दाबून बघितले, मग क्रँक धरून हलवून बघितला. म्हणजे त्यांना माहीत होतं कुठे बघायचं ते! माझ्या रेघांकडे त्यांनी ढुंकूनही पाहिलं नाही. मी मनातल्या मनात म्हटलं, घ्या, गेले साडेतीनशे.

पण दुसऱ्या दिवशी संध्याकाळी ते ड्यूटीवर येताना मुलीला घेऊन आले होते. ती कॅरिअरवर बसली होती, दोन्ही पाय लांब पसरून, आणि बापाच्या कमरेमागून हात घालून घंटीपर्यंत पोचायचा प्रयत्न करत होती. पोचत नव्हता. म्हणून खाली उतरून, सायकल स्टँडला लावल्यावर, तिने ती घंटी इतक्या वेळा वाजवली की दुसऱ्या मजल्यावरच्या जोशीकाकूंनी खिडकीतून डोकावून बघितलं. तेव्हा घंटीचे १२० रुपये वाया गेले असं मला म्हणता येत नाही. शोभेचा खर्च करूच नये असं माझं म्हणणं नाहीच. तो कॉटरच्या नंतर करावा, एवढंच.

जुना, खाच पडलेला कॉटर मी ठेवून दिलाय. सध्या तो माझ्या टेबलावर कागद उडू नयेत म्हणून असतो. पुढच्या महिन्यात सोसायटीची सभा आहे. वायरिंगचा विषय पुन्हा आलाय, आठव्या क्रमांकावर, दिवाळीच्या रोषणाईनंतर. तो पहिल्या क्रमांकावर घ्या असं पत्र मी सेक्रेटरींना दिलंय. बघू काय होतं ते.